सीडी रिप नीट झाली का: ईएसी, डीबीपॉवरअँप की आयट्यून्स?

सीडी रिप करून (गाणी कॉम्प्युटरवर उतरवून) फ्लॅकमध्ये (काही न गाळता गाणं साठवणारी फाइल) ठेवायच्यात पण सॉफ्टवेअर ठरत नाहीये ना, मग आधी रिप नीट झाली का ते ऐकून कळेल हे डोक्यातनं काढून टाका. ऑडिओ सीडीच्या एका सेक्टरमध्ये (सीडी वाचायचा छोटा तुकडा) 2352 बाइट असतात आणि सगळे गाण्याचेच, डेटा सीडीत त्यातले 2048च डेटाला देतात आणि उरलेल्यातल्या बऱ्याच जागेत चूक सुधारायची जादा सोय असते, ती इथे नाहीच. त्यामुळे ओरखडा मोठा असला की ड्राइव्ह आजूबाजूचं बघून अंदाजाने सँपल (आवाजाचे आकडे) भरतो. टक् असा आवाज आला तर नशीब, नाहीतर पत्ता पण लागत नाही.

आयट्यून्स फुकट आणि सोपं. एरर करेक्शनवर टिक करायची सोय आहे, करा, पण फाइल बरोबर आली याचा पुरावा काहीच मिळत नाही. चकचकीत सीडी असेल तर चालतंय.

खरी निवड बाकीच्या दोघांत. ईएसी (एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी) फुकट, फक्त विंडोजवर, सिक्युअर मोडमध्ये प्रत्येक सेक्टर निदान दोनदा वाचतं, जुळलं नाही तर परत परत वाचत बसतं, आणि शेवटी लॉग (काय काय झालं याची नोंद) देतं. सेटिंग मात्र डोकं खातात. डीबीपॉवरअँपला पैसे पडतात, मॅकवरही चालतं, पंधरा मिनिटांत सेटअप होतं. अचूकतेत मला तरी फरक वाटत नाही, कारण दोघंही ॲक्युरेटरिप नावाच्या ऑनलाइन डेटाबेसला विचारतात, म्हणजे तुमच्या ट्रॅकचा चेकसम (फाइलवरनं काढलेला ओळखीचा आकडा) जगभरातल्या लोकांच्या रिपशी जुळतोय का बघतात. वेगवेगळ्या ड्राइव्हवरनं तोच आकडा आला म्हणजे विषय संपला. (मॅकवाल्यांनो, एक्सएलडी फुकट आहे आणि तेही हेच करतं.)

अडतं कुठे तर आपल्याकडच्या सीडींवर. नाट्यसंगीत, कीर्तन, छोट्या कंपन्यांच्या भावगीतांच्या सीडी, यातल्या बऱ्याच डेटाबेसमध्ये सापडतच नाहीत, आणि सापडली नाही म्हणजे रिप खराब असं अजिबात नाही. कॉन्फिडन्स (किती जणांच्या रिपशी जुळलं तो आकडा) 1 दिसला तर तो तुम्हीच आधी पाठवलेला असू शकतो, लगेच खूश होऊ नका. अशा वेळी ईएसीचं टेस्ट अँड कॉपी वापरा, दोनदा वाचून सीआरसी (हाही चेकसमच) जुळतोय का बघा, आणि जमलं तर दुसऱ्या ड्राइव्हवर पण करा, कारण एकच ड्राइव्ह तीच चूक दोनदा करू शकतो. दोन्ही ड्राइव्हचा ऑफसेट (ड्राइव्ह किती सँपल मागेपुढे वाचायला सुरुवात करतो तो आकडा) नीट टाकलेला पाहिजे मात्र, नाहीतर रिप बरोबर असूनही आकडे जुळणार नाहीत आणि उगाच सीडीला दोष द्याल. ईएसीच्या लॉगमध्ये ट्रॅक क्वालिटी 99.8 टक्के दिसली तरी घाबरू नका, काही जागा परत वाचाव्या लागल्या एवढंच, सीआरसी जुळला तर ठीक.

रिप खराब आली आणि सीडी कॉमन असेल तर क्यूटूल्स या सॉफ्टवेअरने चेक करा, त्याच्या डेटाबेसमध्ये दुरुस्तीचा डेटा पण असतो, थोडं बिघडलेलं असेल तर भरून निघतं.

आणि फुटपाथवरनं घेतलेली सीडी एमपीथ्रीवरनं बनवलेली असेल तर हे सगळं 'बरोबर'च दाखवणार. त्यासाठी फाइल स्पेकमध्ये (आवाजातल्या फ्रिक्वेन्सींचं चित्र दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा, एमपीथ्री बनवताना बऱ्याचदा वरच्या फ्रिक्वेन्सी कापल्या जातात, 16 किलोहर्ट्झच्या वर सगळं सपाट कापलेलं दिसलं तर शंका घ्या. अर्थात 78च्या तबकडीवरनं उतरवलेल्या जुन्या गाण्यांत वरचं काही नसतंच, तिथे हा नियम लावू नका.