जॉ-लाइनसाठी सिलिकॉनचा गोळा, मस्तकीचं च्युइंगम की जीभ टाळूला? निवडण्याआधी हे वाचा

गेल्या उन्हाळ्यात बारावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला एक मुलगा माझ्या क्लिनिकमध्ये आला. खालचे समोरचे दोन दात दुखतात, भाकरीचा तुकडासुद्धा तोडता येत नाही, म्हणाला. कीड नव्हती, हिरड्या ठीक होत्या. एका दाताला बोटाच्या टोकानं हलकंसं दाबलं, तर खुर्चीत मागे सरकला. कुठे पडलास का, बाटलीचं झाकण दातानं उघडलंस का, असं विचारत गेले तेव्हा त्यानं बॅगेतून निळा सिलिकॉनचा गोळा काढून माझ्या हातावर ठेवला. लिंबापेक्षा थोडा मोठा, वरखाली दातांसाठी खाचा. एका खाचेत त्याच्या दातांचे ठसे इतके खोल उमटले होते की माप घेतल्यासारखे दिसत होते. जबड्याची कड, म्हणजे जॉ-लाइन, ठळक दिसावी म्हणून दोन महिने, रोज चारशे वेळा चावायचा.

त्याच्यानंतर असे प्रश्न घेऊन बरेच जण आले. मुलांना धारदार जबडा हवा असतो, मुलींना हनुवटीखालचं मांस जायला हवं असतं. ही इच्छा हसण्यावारी नेण्यासारखी नाही. अठराव्या वर्षी आरशातला चेहरा फार मोठी गोष्ट असते. म्हणूनच जे पर्याय समोर आहेत, ते एकमेकांशेजारी ठेवून नीट बघू.

त्याआधी आरशासमोर एक मिनिट उभे राहा. हनुवटीखाली चिमटीत मांस येतंय का? येत असेल तर प्रश्न चरबीचा आहे. आता दोन्ही हात गालांवर, कानाच्या पाळीच्या खाली ठेवून दाढा आवळा. बोटांखाली जो टणक उंचवटा येतो तो मॅसेटर, चावण्याचा सगळ्यात ताकदवान स्नायू. गालफडाच्या हाडापासून तो जबड्याच्या मागच्या कोनापर्यंत जातो. शेवटी बाजूनं फोटो काढा. हनुवटी ओठांच्या बरीच मागे असेल तर प्रश्न हाडाच्या ठेवणीचा आहे. चघळण्याच्या कुठल्याही व्यायामानं या तिघांतलं फक्त मधलं, म्हणजे स्नायू, बदलतं. चावून चरबी त्या जागेवरून वितळत नाही आणि वाढ पूर्ण झालेल्या माणसाची हनुवटी पुढे येत नाही.

मॅसेटर वाढला तर चेहरा कुठे बदलतो? मागे, कानाखाली, रुंदीत. अरुंद, लांबट चेहऱ्याच्या मुलाला तो बदल शोभूनही दिसेल. मुळात गोल किंवा रुंद चेहरा असेल तर तो आणखी चौकोनी, जड दिसायला लागतो. दक्षिण कोरियात चेहरा निमुळता दिसावा म्हणून याच स्नायूत बोटॉक्सचं, म्हणजे स्नायू सैल पाडणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन घेऊन तो बारीक करून घेतात. त्याचा परिणाम काही महिन्यांत ओसरतो, मग पुन्हा पैसे मोजून पुन्हा टोचून घेतात. जे कमी करायला तिथे पैसे मोजतात, तेच इकडे मुलं रोज घाम गाळून वाढवतात. तेव्हा आपल्याला नेमकी रेघ हवी आहे की रुंदी, हे आधी ठरवा.

गोळा

ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांपासून मिळतो. स्वस्त आहे, तरी मी याला सगळ्यात शेवटी ठेवते. कारण अडकित्ता वापरलेल्या कुणालाही कळेल असं आहे. सुपारी आपण पात्याच्या टोकाशी ठेवत नाही, खिळीजवळ सरकवतो, तिथे ती सहज फुटते. जबड्याची खीळ म्हणजे कानाच्या पुढचा सांधा. दाढा त्याच्या जवळ, समोरचे दात सगळ्यात लांब. त्यात जबडा ओढणारा स्नायूही मागेच, सांध्याजवळ बसवलेला. त्यामुळे समोरच्या दातांत धरलेला गोळा दाबायचा तर स्नायूला कितीतरी जास्त ओढावं लागतं, आणि ती जादा ओढ जाते कुठे? थेट सांध्यावर. तिथे दोन हाडांच्या मध्ये कूर्चेसारखी एक पातळ चकती असते. ती जागेवरून सरकली की तोंड उघडताना कट्‌ असा आवाज येतो, कधी जबडा अर्ध्यावर अडकतो.

दातांचंही तसंच. दाढेला दोन-तीन मुळं असतात, समोरच्या दाताला एकच. तो तुकडा तोडण्यासाठी आहे, वजन पेलण्यासाठी नाही. रोज शेकडो वेळा दाब आला की मुळाभोवतीचा धागेदार पडदा सुजतो. त्या मुलाला झालं होतं ते हेच. कुणाचा कडेचा टवका उडतो, कुणाचं भरलेलं सिमेंट निघतं, कुणाचे दात थोडे पुढे झुकतात. मऊ गोळ्यानं सुरुवात करून कडक गोळ्याकडे जा, असं पाकिटावर लिहिलेलं असतं. सवय झाली म्हणून स्नायू पुढच्या पायरीवर जाईलही. दात आणि चकती मात्र दंडासारखे सरावानं भक्कम होत नाहीत.

च्युइंगम आणि मस्तकी

इथे जोर दाढांवर येतो, त्यामुळे सांध्याच्या हिशेबानं हे गोळ्यापेक्षा बरं. मस्तकी म्हणजे ग्रीसच्या खिऑस बेटावरच्या एका झाडाची राळ. त्या बेटाच्या दक्षिणेकडची गावं पिढ्यानपिढ्या हेच पीक घेतात, आणि 2014 मध्ये युनेस्कोनं त्यांच्या या कौशल्याला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात रूमी मस्तकी म्हणून मागितली की मिळते, युनानी औषधांत ती जुनीच आहे. तोंडात टाकल्यावर खडा आधी चुरा होतो, मग गोळा होतो, आणि साध्या च्युइंगमपेक्षा बराच कडक राहतो. त्या कडकपणासाठीच मुलं ती घेतात.

गडबड होते ती वेळेत. मोबाइलवरच्या रील्समध्ये दोन-दोन तास चघळायला सांगतात. आपले वरचे आणि खालचे दात जेवण धरूनही दिवसभरात फार थोडा वेळ एकमेकांना टेकतात. एरवी ओठ मिटलेले आणि दातांत दोन-तीन मिलिमीटरची फट, ही जबड्याची विश्रांती. त्या यंत्राला अचानक दोन तासांची पाळी लावली तर आधी कानशील दुखतं, मग सकाळी उठल्यावर जबडा आखडल्यासारखा वाटतो. पुष्कळांना हे कानाचं दुखणं वाटतं आणि ते आधी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन येतात. बहुतेकांना एकाच बाजूनं चघळायची सवय असते, मग एक गाल दुसऱ्यापेक्षा भरलेला दिसतो. साखर नसलेल्या च्युइंगममध्ये बहुधा गोडीसाठी सॉर्बिटॉल घातलेलं असतं, पाकिटंच्या पाकिटं संपवली तर पोट बिघडतं.

तरीही करायचंच असेल, तर मी यातलंच निवडायला सांगेन: साखर नसलेलं साधं च्युइंगम, जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं, दोन्ही बाजूंनी. एवढ्यानं लाळ सुटते, ती दातांना चांगलीच. चेहरा मात्र त्यानं फारसा बदलणार नाही, हे गृहीत धरा.

एक गोष्ट मला पोटतिडकीनं सांगायची आहे. च्युइंगम परवडत नाही म्हणून कुणी सुपारी चघळायला लागू नका. सुपारी खाणाऱ्यांचा जबडा चौकोनी झालेला आम्ही बघतो, आणि त्याच माणसाच्या तोंडात तीन बोटं जायच्या ऐवजी एक बोट जेमतेम जातं हेही बघतो. गालाचं आतलं मऊ अस्तर पांढरं, चिवट होतं, हाताला दोरी लागावी तसं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2004 मध्ये नुसत्या सुपारीलासुद्धा, तंबाखू नसली तरी, कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत घातलं. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण सुगंधी सुपारीची पुडी कॉलेजच्या बाहेर कुणालाही मिळते. विशीतल्या मुलांची तोंडं बंद झालेली मी पाहिली आहेत.

जीभ टाळूला लावणं

याला म्यूइंग म्हणतात. नाव जॉन म्यू आणि माइक म्यू या ब्रिटिश बापलेकांवरून पडलं. दोघंही दातांचे डॉक्टर. ओठ मिटून जीभ सतत टाळूला चिकटवून ठेवली तर जबडा पुढे येतो, असं त्यांचं सांगणं. मुलांवर केलेल्या उपचारांवरून माइक म्यूंचं नाव 2024 मध्ये ब्रिटनच्या दंतवैद्यक परिषदेनं नोंदणीतून काढलं.

लहान मुलाच्या टाळूच्या दोन हाडांमधली शिवण उघडी असते, त्यामुळे त्या वयात योग्य उपकरणानं टाळू रुंद करता येतो. वाढ पूर्ण झाली की ती शिवण पक्की होते, मग जिभेच्या जोरानं हाड हलत नाही. मग फोटोत फरक कसा दिसतो? जीभ वर ओढली की तोंडाचा तळ वर उचलला जातो आणि हनुवटीखालचा भाग तेवढ्यापुरता ताणला जातो. जीभ सोडा, पुन्हा होतं तसं.

धोका गोळ्यापेक्षा कमी, पैसे शून्य. पण जीभ दाबता दाबता मुलं दाढाही आवळून बसतात, आणि तिथून डोकेदुखी सुरू होते. दुसरं म्हणजे, मूल तोंडानं श्वास घेत असेल तर त्याला जीभ टाळूला लाव म्हणत बसू नका, नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. नाकामागच्या गाठी वाढलेल्या असल्या तर वर्षं वाया जातात.

फेस योगा

म्हणजे चेहऱ्याच्या स्नायूंचे व्यायाम. इथे थोडासा पुरावा आहे. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा अभ्यास 2018 मध्ये छापून आला. 40 ते 65 वयाच्या 27 बायकांनी सुरुवात केली, 16 जणींनी वीस आठवडे पुरे केले. फोटो बघणाऱ्या डॉक्टरांना त्यांचं वय सरासरी 50.8 ऐवजी 48.1 वाटलं, कारण गाल थोडे भरले होते. तुलनेला व्यायाम न करणारा दुसरा गट नव्हता, हे लक्षात ठेवा. जबड्याची रेघ यातून येत नाही. पण रोज अर्धा तास स्वतःला देण्यात नुकसान काही नाही. ज्यांचा जबडा जांभई देताना निखळतो त्यांनी सिंहमुद्रेसारखं तोंड पूर्ण फाडण्याचे प्रकार टाळा.

हातोडीनं किंवा मुठीनं जबडा ठोकून हाड जाड करण्याचं जे खूळ इंटरनेटवर आहे, त्याची तुलना मी करणार नाही. त्यानं हाड मोडतं, ओठ कायमचा बधिर होऊ शकतो.

व्यायामाबाहेरचं

चिमटीत मांस येत असेल तर वजन, झोप आणि मोबाइलवर वाकलेली मान, या तिन्हींकडे आधी बघा. पाच-सहा किलो उतरल्यावर कित्येकांची जॉ-लाइन आपोआप दिसते, ती आधीपासून होतीच.

हनुवटी खरोखर मागे असेल तर दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांचा सल्ला एकदा घ्याच. त्यातून कधी तारा लावून काम भागतं, कधी वाढ पूर्ण झाल्यावर जबड्याची शस्त्रक्रिया सुचवतात. तिच्या आधी आणि नंतर तारा असतात, म्हणजे दीड-दोन वर्षांचा मामला. खालच्या ओठाला काही काळ, क्वचित कायमची, बधिरता राहू शकते. खासगीत खर्च लाखांत जातो. मुंबईत फोर्टचं सरकारी दंत महाविद्यालय किंवा मुंबई सेंट्रलचं नायर, तसंच नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरचं सरकारी दंत महाविद्यालय, इथे तो खूप कमी पडतो, थांबावं मात्र लागतं. हनुवटी मागे आणि रात्री मोठं घोरणं असेल तर हे निव्वळ दिसण्याचं प्रकरण नाही, श्वासाची वाट अरुंद असू शकते.

गोळा घेऊन आलेल्या त्या मुलाचंही हनुवटीचंच निघालं. त्याचा स्नायू चांगला होता, खालचा जबडाच थोडा मागे होता. गोळा बंद करून तीन आठवडे मऊ जेवण घेतल्यावर दात शांत झाले. नंतर त्याला वडिलांसोबत मी तारा लावणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं.

काहींना डॉक्टरांनीच जबड्याचा व्यायाम दिलेला असतो, त्याची गल्लत करू नका. तोंड बंद झालेल्याला आइस्क्रीमच्या काड्या एकेक वाढवत दातांत धरायला सांगतात, सांधा दुखणाऱ्याला हळू उघडझाप. ते जबडा मोकळा करण्यासाठी असतात, ताकद वाढवण्यासाठी नाही.

वयाची अठरा पुरी नसतील, तारा लावलेल्या असतील, रूट कॅनॉल करून कॅप बसवलेली नसेल, अक्कलदाढ ठणकत असेल किंवा झोपेत दात खायची सवय असेल, तर गोळा आणि कडक मस्तकी दोन्ही विसरा. बाकीच्यांनी सुरू करण्याआधी आरशात बघा: तीन बोटं उभी तोंडात जातात का? उघडताना हनुवटी एका बाजूला वळते का? कानापुढे बोटं ठेवून उघडझाप केली तर आवाज लागतो का? यातलं एकही चुकत असेल तर आधी तपासून घ्या.

आणि दुखणं सुरू झालंच असेल, तर चघळणं त्याच दिवशी थांबवा. दोन आठवडे खिचडी, वरण-भात, मऊ पोळी खा. दिवसातून दोन-तीनदा कोमट कापडानं शेका आणि जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरा. जबडा उघडा किंवा मिटलेला अडकून राहिला तर घरात कुणाला ओढू देऊ नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.