लिब्रेऑफिस: टॅब घ्यावेत की जुना मेनूच बरा?

सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत माझं टायपिंगचं दुकान आहे. पीएच.डी.चे प्रबंध, प्रतिज्ञापत्रं, सोसायट्यांच्या सभांची इतिवृत्तं आणि तुळशीचं लग्न आटोपलं की लग्नाचे बायोडाटा. लिब्रेऑफिस, म्हणजे लिहिणं, हिशेब आणि स्लाइडसाठीचा फुकट मिळणारा प्रोग्रामांचा संच, २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळं झालं, त्याच्या जरा आधीपासून मी या घराण्यात आहे. फाइल-एडिट-व्ह्यूची ओळ आणि तिच्याखाली बटणांच्या दोन पट्ट्या, एवढ्यावर माझा संसार चालला.

टॅबवाली रचना, म्हणजे वर नावांचे टॅब आणि प्रत्येकाखाली त्याच्या बटणांची पट्टी, ही ५.३ आवृत्तीमध्ये, म्हणजे २०१७ साली, प्रयोग म्हणून आली आणि २०१९ च्या ६.२ पासून तिच्यावरचा 'प्रयोग' हा शिक्का निघाला. मी मात्र कित्येक वर्षं तिकडे फिरकलोच नाही. मग दुकानात कामाला एक मुलगी आली. एमएस-सीआयटी केलेली, मायक्रोसॉफ्ट वर्डच्या रिबनवर, म्हणजे तिथल्या अशाच टॅबवाल्या पट्टीवर, शिकलेली. पहिल्याच दिवशी म्हणाली, "काका, हे इतकं जुनं कायले ठेवता जी?" थोडं लागलं मनाला. त्या रात्री व्ह्यू मेनूतल्या युजर इंटरफेसमध्ये जाऊन टॅब लावले आणि ठरवलं, दिवाळीपासून होळीपर्यंत हेच वापरायचं.

आधी टॅबचं जे चांगलं आहे ते सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. इतकी वर्षं या प्रोग्रामात काय काय होतं हे मला टॅब लावल्यावर कळलं. प्रबंधाचं काम करताना मार्गदर्शकांच्या दुरुस्त्या मी कागदावरून बघून टाइप करत होतो. ट्रॅक चेंजेस, म्हणजे केलेल्या दुरुस्त्या पानावरच दाखवणारी सोय, जुन्या रूपात एडिट मेनूच्या पोटात होती, तिथे हात कधी गेलाच नाही. टॅबमध्ये 'रिव्ह्यू' लिहिलेलं दिसलं, उघडलं, आणि सगळं समोर. जो नवा आहे, किंवा जो आजवर फक्त पत्र टाइप करून छापत आला, त्याला टॅबमध्ये बरंच सापडेल. इम्प्रेसमध्ये, म्हणजे स्लाइडच्या प्रोग्रामात, तर मी टॅबच ठेवले आहेत. महिन्यातून एखाद वेळा कुणाच्या सेमिनारच्या स्लाइड करायच्या असतात, तिथे मेनू कोण आठवत बसेल?

पडद्यावरच्या जागेचा मुद्दा लोक फार काढतात. माझ्या जुन्या १३६६ बाय ७६८ च्या लॅपटॉपवर टॅबमुळे पान थोडं खाली सरकल्यासारखं वाटतं, पण मी काही पट्टी लावून मोजलेलं नाही. त्यातही 'टॅब्ड कॉम्पॅक्ट' नावाचा बारीक प्रकार आहे, तो लावला की तक्रार उरत नाही. या एका कारणावरून निर्णय घेऊ नये, असं मला वाटतं.

माझा निर्णय झाला तो बायोडाटावरून. आमच्याकडचा बायोडाटा म्हणजे वर गणपती, खाली मथळा, मग दोन रकान्यांचं टेबल: नाव, जन्मवेळ, रास, गोत्र, मामाचं गाव. कोपऱ्यात फोटो. गिऱ्हाईक शेजारच्या स्टुलावर बसून सांगत असतं, "भाऊ, नाव जरा मोठं करा. शिक्षण ठळक करा. नाही, मथळाच मोठा करा." आता गंमत अशी की टॅबच्या रचनेत कर्सर टेबलात गेला की वरची पट्टी आपोआप टेबलच्या टॅबवर जाते. फोटोवर क्लिक केलं की फोटोच्या टॅबवर. मथळ्यावर आलात की पुन्हा वेगळं. म्हणजे माझा माउस अक्षराच्या आकाराच्या खोक्याकडे निघालेला असतो आणि पोचतो तोवर त्या जागी ओळी वाढवायची बटणं आलेली असतात. होमवर क्लिक करा, मग काम करा. मथळ्याकडे जा, टेबलात परत या, पुन्हा तेच.

एकदा-दोनदा काही वाटत नाही. पण लग्नसराईत दिवसाला आठ-दहा बायोडाटा काढताना, आणि मुलीचे बाबा मान लांब करून पडद्यात बघत असताना, हे फार बोचतं. बनवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार: टेबलात आहात तर टेबलाची साधनं घ्या. ज्याला टेबल आखायचं आहे त्याला ते सोयीचंच. मला टेबल आखायचं नसतं हो, त्यात लिहायचं असतं! दोष बहुधा माझ्या हाताच्या सवयीचा. पण या वयात हात बदलण्यापेक्षा पट्टी बदलणं सोपं.

जुन्या रूपात टेबलाची पट्टी निघते ती खिडकीच्या तळाशी. वरची अक्षरांची पट्टी जागची हलत नाही. फोटोवर क्लिक केलं तर तीही बदलते, हे कबूल करतो, पण फोटो एकदा लावला की त्याला परत कोण हात लावतो.

आणखी एक गोष्ट, ही कदाचित माझ्यापुरतीच असेल. उमरेडला माझा मेव्हणा असंच दुकान चालवतो. अडला की फोन करतो, "भाऊजी, मराठीचा फॉन्ट वेगळा कसा द्यायचा?" मी म्हणतो, फॉरमॅटमध्ये जा, कॅरेक्टर उघड, इंग्रजीचा फॉन्ट वेगळा आणि आपल्या लिपीचा वेगळा दिसेल. झालं, अर्ध्या मिनिटात. मेनूला नावं असतात, ती फोनवर सांगता येतात. तो टॅबवर गेला होता तेव्हाचं आमचं बोलणं असं: "ते बारीक चौकोनासारखं दिसते ना?" "कोणतं? इथं चार आहेत जी."

तेव्हा तुम्ही नवे असाल, चित्रं-स्लाइडचं काम जास्त असेल किंवा रिबनवर वाढला असाल, तर बिनधास्त टॅब घ्या. टेबलात टायपिंग करून पोट भरत असेल तर मी जुन्याच रूपाकडे बोट दाखवीन, तरी आठ दिवस दोन्ही वापरून बघा.

बघताना एक सांभाळा. त्या निवडीच्या खिडकीत खाली दोन बटणं असतात, एक सगळ्या प्रोग्रामांना लागू करणारं आणि एक फक्त रायटरला, म्हणजे लिहायच्या प्रोग्रामाला. मी परत फिरताना घाईत पहिलं दाबलं आणि हिशेबाचा कॅल्क, इम्प्रेस सगळं जुनं झालं. मुलगी सकाळी त्याच मशीनवर स्लाइड करायला बसली आणि पाच मिनिटं माझ्याशी बोलली नाही. आता तिच्या मशीनवर सगळीकडे टॅब, माझ्यावर रायटर जुना आणि इम्प्रेस नवा. बायोडाटा माझ्याकडे येतात.