लिलावातली सरकारी बोलेरो: एक पावसाळा काढल्यानंतर

गाडी वाईट नाही. २५२३ सीसीचं डिझेल इंजिन कसारा घाट निमूट चढतं आणि सुट्या भागांसाठी नाशिकमध्ये वणवण करावी लागत नाही. फसवतं ते मीटर.

मीटरवर ऐंशी-नव्वद हजार दिसले की बोली लावणारा खूश. पण साहेबांची किंवा बंदोबस्ताची गाडी तासन्‌तास एसी लावून जागेवरच उभी असते. त्यात किलोमीटर वाढत नाहीत, इंजिन मात्र झिजतं, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवणारी झडप) आणि इनटेक (हवा आत घेण्याचा मार्ग) काजळीने बुजतात. इंजिन गरम करून आयडलवर ठेवा आणि ऑइलचं झाकण उघडा. थोडी वाफ चालेल. भकभक धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या समजा. ड्रायव्हरच्या सीटचा फोम आणि क्लच पेडलचं रबरही पाहा, ती मीटरपेक्षा खरं बोलतात.

टपावरचा दिवा काढला की भोकं उरतात. त्यात सिलिकॉन भरून वर रंग मारलेला असतो. उन्हाळ्यात काही कळत नाही. त्र्यंबकचा पाऊस लागला की छताच्या कापडावर पिवळा डाग उमटतो आणि पाणी खांबातून उतरून मॅटखाली साचतं. मॅट उचलून पत्रा बोटाने दाबून बघाच. भोकं वेल्डिंगने बंद करून घ्या, सिलिकॉन टिकत नाही.

वायरलेस आणि सायरनच्या वायरी डॅशखाली तशाच लोंबतात. रात्रीत बॅटरी उतरत असेल तर निगेटिव्ह केबल काढून मध्ये मल्टिमीटर लावा. सगळं बंद करून अर्ध्या तासाने ५० मिलीअँपिअरपेक्षा जास्त दिसलं, तर एकेक फ्यूज काढत चोर शोधा. नवी बॅटरी हा त्यावरचा इलाज नव्हे.

निर्लेखनानंतर, म्हणजे खात्याने वापरातून बाद केल्यावर, गाडी आवारात कितीतरी महिने पडून असते. त्यामुळे थेट सेल मारू नका. आधी ऑइल आणि डिझेल फिल्टर बदला, टाकीच्या तळचं पाणी काढा, उंदरांनी वायरिंग कुरतडलंय का बघा. टायरची नक्षी भरपूर दिसली तरी बाजूचा चार आकडी कोड वाचा: ‘३२१७’ म्हणजे २०१७ चा बत्तिसावा आठवडा. असे टायर लाकूड झालेले असतात.

खरा घाम कागदांत निघतो. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षं पूर्ण झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपते आणि त्या नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच जातात. म्हणून बोलीआधी नोंदणीची तारीख पाहा. लिलावाच्या गाडीची मालकी नावावर करायला नेहमीचे फॉर्म २९-३० नव्हे, फॉर्म ३२ लागतो, तोही ताबा घेतल्यापासून ३० दिवसांत, विक्री आदेश आणि लिलावाच्या मंजुरीची प्रमाणित प्रत जोडून. पेठ रोडच्या आरटीओत जाण्याआधी इंजिन आणि चेसिस नंबरची पेन्सिलने छाप काढून आरसीशी जुळवा. खात्याच्या वर्कशॉपमध्ये एकाचं इंजिन दुसऱ्यात गेलेलं असू शकतं. सरकारी गाडीला विमा सक्तीचा नसल्याने जुन्या अपघातांची क्लेमची नोंदही सहसा सापडत नाही. चेसिसचे सांधे आणि दारांच्या फटी डोळ्यांनीच तपासायच्या. ‘जसे आहे, जेथे आहे’ या अटीवर घेतल्यावर स्टेपनी, जॅक नाहीत म्हणून भांडण्यात अर्थ नाही.

देवळालीच्या लष्करी छावणीमुळे लष्करी जिप्सीची हौस इथे बऱ्याच जणांना असते. तिचा बाणाचं चिन्ह असलेला लष्करी नंबर खासगी वापरात चालत नाही, नवी नोंदणी करावी लागते. आणि तो ऑलिव्ह हिरवा रंग खासगी गाडीला कायद्याने मना आहे, तेव्हा रंगकामाचा खर्च बोलीतच धरा.