प्लॅन_कॅश_मोड: आठ महिने वापरल्यावर

औषधांच्या होलसेलवाल्यांचं बिलिंग आम्ही पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालवतो. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या एका शेठचा रोज दुपारी फोन यायचा: "अहो, सकाळी लेजर लगेच येतं, आता चहा पिऊन आलो तरी गोल फिरतंय." सर्व्हिस रीस्टार्ट केली की थोडा वेळ सुरळीत, मग परत तेच. आणि तीच क्वेरी मी हाताने चालवली की झटपट!

शेवटी एक्सप्लेन एक्झिक्यूट (क्वेरी कोणत्या प्लॅनने, म्हणजे डेटा शोधायच्या कोणत्या मार्गाने चालणार ते दाखवणारी कमांड) सलग सहा वेळा मारलं. पाच वेळा प्लॅनमध्ये ग्राहकाचा नंबर दिसत होता, सहाव्यांदा तिथे नुसतं $1, म्हणजे नंबरासाठी सोडलेली रिकामी जागा. तिथेच ट्यूब पेटली. प्रिपेअर केलेल्या (एकदा तयार ठेवून पुन्हा पुन्हा वापरायच्या) क्वेरीला पोस्टग्रेस पहिले पाच वेळा ताजा (कस्टम) प्लॅन बनवतो, मग जेनेरिक, म्हणजे सगळ्यांना एकच, प्लॅनचा अंदाजे खर्च त्यांच्या सरासरीशी ताडून बघतो आणि स्वस्त वाटला तर तोच वापरतो. जेनेरिकला ग्राहक कोण ते ठाऊक नसतं, तो सगळ्यांना सरासरी माप लावतो. आमच्याकडे एकेका केमिस्टची बिलं शेकड्यात आणि या शेठच्या मोठ्या खात्यांची लाखांत. कागदावर नेस्टेड लूप (एकेक ओळ घेऊन दुसऱ्या टेबलात जुळणी शोधणं) स्वस्त, प्रत्यक्षात आडवा. कॅश (साठवलेले प्लॅन) प्रत्येक कनेक्शनची वेगळी, म्हणून रीस्टार्टने बरं वाटायचं. त्यात जेडीबीसी ड्रायव्हर (जावा ॲपला डेटाबेसशी जोडणारा) स्वतःही क्वेरी प्रिपेअर करायला पाचव्या खेपेपर्यंत थांबतो, त्यामुळे दुखणं दहाव्या खेपेच्या आसपास उठायचं.

उपाय पोस्टग्रेसच्या 12 व्या आवृत्तीपासून आहे: प्लॅन_कॅश_मोड ही सेटिंग, मूळ किंमत ऑटो. मी उत्साहात फोर्स_कस्टम_प्लॅन थेट कॉन्फिगमध्ये सगळ्यांना लावलं. लेजर पळायला लागलं, पण बिलिंगच्या बारक्या क्वेऱ्या दर वेळी नव्याने प्लॅन होऊ लागल्या आणि सीपीयू चढला. दोन दिवसांत काढलं. आता रिपोर्टच्या रोलपुरतं (डेटाबेसच्या त्या युजरपुरतं) अल्टर रोलने लावलंय. तेव्हाही अर्धा तास फरक दिसेना, मी सेटिंगलाच शिव्या घालत बसलो होतो. पूलमधली (ॲपने उघडीच ठेवलेली) जुनी कनेक्शनं तशीच होती, रोलची सेटिंग नव्या सेशनलाच लागू होते.

तक्रार एकच. पीजी_प्रिपेअर्ड_स्टेटमेंट्स या पोस्टग्रेसच्या यादीत 14 व्या आवृत्तीपासून जेनेरिक आणि कस्टम किती वेळा वापरले ते दिसतं, पण फक्त स्वतःच्या सेशनचं. चालू ॲपच्या पोटात काय चाललंय ते बाहेरून कळत नाही.

फोर्स_जेनेरिक_प्लॅन मी लाइव्हवर कधी लावलं नाही. टेस्टला मात्र उपयोगी: नवी क्वेरी आली की आधी ते लावून सगळ्यात मोठं खातं उघडून बघतो, सहाव्या खेपेची वाट बघावी लागत नाही.