माध्यमिक शिक्षकांसाठीची कृतिसंशोधन कार्यशाळा: एक अभिप्राय

पुण्यातील एका खासगी संस्थेने दिवाळीच्या सुट्टीत माध्यमिक शिक्षकांसाठी घेतलेल्या पाच दिवसांच्या कृतिसंशोधन कार्यशाळेला मी स्वखर्चाने गेलो होतो. कृतिसंशोधन म्हणजे शिक्षकाने स्वतःच्या वर्गातली अडचण शोधून, तिच्यावर उपाय करून त्याचा परिणाम तपासणे. बी.एड.ला असताना ते करावे लागते, परंतु तो अहवाल पुष्कळदा आधीच्या तुकडीच्या अहवालावरून उतरवलेला असतो आणि 12 वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणीचे प्रशिक्षण येईपर्यंत त्याची कोणाला आठवणही होत नाही. म्हणून फारशी अपेक्षा नव्हती.

पहिल्या दोन दिवसांनी माझा समज खोटा ठरवला. विषय ठरवण्याआधी प्रत्येकाने आपल्या वर्गाच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका आणाव्यात, अशी अट होती. दहावीची मुले भिंगांच्या उदाहरणांत चिन्हांच्या चुका करतात, एवढेच मी वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. मार्गदर्शक बाई मात्र प्रत्येक विधानावर ‘हे कशावरून?’ एवढेच विचारत. चुकांची वर्गवारी केल्यावर दिसले की अंतर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर ऋण असते हे बहुतेकांना ठाऊक आहे. घोटाळा होतो तो भिंगाच्या सूत्रात आधीच असलेल्या वजा चिन्हापुढे वस्तूच्या अंतराची ऋण किंमत ठेवताना. दुखणे प्रकाशाच्या धड्यात नव्हतेच, ते सहावीतल्या पूर्णांक संख्यांच्या वजाबाकीत होते.

तिसऱ्या दिवसापासून परिकल्पना (तपासून पाहायचा अंदाज), पूर्वचाचणी (उपक्रमाआधीची), उत्तरचाचणी (उपक्रमानंतरची) आणि अहवालाची प्रकरणे असा नेहमीचा साचा सुरू झाला. तुलनेसाठी दुसरा गट नसताना केवळ उत्तरचाचणीत गुण वाढले म्हणून उपक्रम यशस्वी कसा म्हणायचा, मधल्या काळात मुलांचा सराव आणि खासगी शिकवण्या चालूच असतात, असे मी विचारले, तेव्हा ‘अहवालात तसेच लिहायची पद्धत आहे’ असे उत्तर मिळाले. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी 1946 मध्ये मांडलेल्या कृतिसंशोधनाच्या कल्पनेत नियोजन, कृती, परिणामांचा शोध आणि त्यावरून पुन्हा नियोजन अशी फेरी आहे. येथे दुसऱ्या फेरीला वेळापत्रकात जागाच नव्हती. (जेवण उत्तम होते, हे नोंदवले पाहिजे.)

सर्वांत मोठी उणीव म्हणजे एका शाळेतून एकच शिक्षक घेण्याचा नियम. परतल्यावर बोलायचे कोणाशी? मी आमच्या गणिताच्या बाईंना उत्तरपत्रिका दाखवल्या आणि आता शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही दोघे अर्धा तास बसतो. संस्थेने पुढच्या वेळी एकाच शाळेतील विज्ञान व गणित शिक्षकांना जोडीने बोलावले, तर मी पुन्हा शुल्क भरेन.