टेक्स्ट बॉक्स मिलिमीटरवर बसवताना : आठ महिन्यांनंतर

आधीच छापून आलेल्या प्रमाणपत्रांवर नाव, क्रमांक आणि तारीख भरायचं काम आठ महिन्यांपूर्वी माझ्या गळ्यात पडलं. हाताशी वर्ड होतं, त्यातच टेक्स्ट बॉक्स काढले. कोरं प्रमाणपत्र स्कॅन करून मागे ठेवायचं आणि बॉक्स माउसनं ओढत रेषेवर आणायचा, अशी माझी पद्धत. पडद्यावर सगळं चोख दिसायचं. छापलं की नाव ठिपक्यांच्या रेषेत घुसलेलं. किती कागद वाया गेले ते मोजलं नाही, मोजायची हिंमतही नव्हती.

मग माउस सोडला आणि पट्टी घेतली. कागदाच्या डाव्या आणि वरच्या कडेपासून प्रत्येक रिकामी जागा मोजून लिहून ठेवली. बॉक्सच्या लेआउट खिडकीत ‘पोझिशन’ टॅबवर ‘अ‍ॅब्सोल्युट पोझिशन’ असते, तिथे तेच आकडे भरले. आडवं आणि उभं, दोन्ही मापं ‘पेज’पासून घ्यायची. ‘कॉलम’ किंवा ‘पॅराग्राफ’ राहिलं तर आकडा बरोबर असूनही बॉक्स भलतीकडे जातो. सेटिंग इंचात असलं तरी चौकटीत आकड्यानंतर ‘mm’ टाइप केलं की वर्ड स्वतः रूपांतर करतं. हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं. तोवर कॅल्क्युलेटर घेऊन २५.४ नं भागत बसायचो.

सगळ्यात जास्त छळलं ते नांगरानं, म्हणजे अँकरनं. बॉक्स पानावर मोकळा तरंगताना दिसतो, पण तो कुठल्या तरी परिच्छेदाला बांधलेला असतोच. परिच्छेद पुढच्या पानावर गेला की बॉक्सही जातो. परिच्छेद पुसला की बॉक्स गायब. ‘लॉक अँकर’वर टिचकी मारून मी निर्धास्त झालो होतो. पण त्यानं फक्त नांगर त्या परिच्छेदाशी पक्का होतो, बॉक्स खुशाल सरकतो. नाव वाचून कुणाचीही फसगत व्हावी! आता पानावरचा पहिलाच परिच्छेद रिकामा ठेवतो आणि सगळे बॉक्स त्यालाच बांधतो. लिब्रेऑफिस रायटर या वर्डसारख्याच मोफत सॉफ्टवेअरमध्ये चौकट थेट पानाला बांधता येते, ती सोय मला जास्त पटते.

एवढं करूनही मजकूर अडीच मिलिमीटर उजवीकडेच. कारण बॉक्सच्या आतली मोकळी जागा. ती मुळात डावी-उजवीकडे ०.१ इंच आणि वर-खाली ०.०५ इंच असते. चारही शून्य केल्या, प्रश्न मिटला. शिवाय उभी मांडणी ‘बॉटम’ ठेवली, म्हणजे अक्षरं लहान-मोठी केली तरी ओळ बॉक्सच्या तळाशीच राहते. मजकुराप्रमाणे बॉक्स वाढवणारी खूण मात्र काढून टाकावी.

देवनागरीसाठी एक सावधगिरी. ओळींतलं अंतर ‘एक्झॅक्टली’ करून आवळलं की रफार आणि वेलांट्या वरून कापल्या जातात. ‘कीर्ती’ छापताना मी हे भोगलंय.

आणि छपाई. पीडीएफमधून छापताना ‘फिट’ निवडलेलं असेल तर पान थोडं लहान होतं आणि मोजमाप पाण्यात जातं. ‘अ‍ॅक्चुअल साइझ’च हवं. कागद ट्रेमध्ये किंचित तिरका बसला तर त्याला सॉफ्टवेअर काय करणार? म्हणून आधी साध्या कागदावर एक प्रत काढतो, ती कोऱ्या प्रमाणपत्रावर ठेवून दोन्ही उजेडाकडे धरतो.

दोन-चार बॉक्सांच्या ठरलेल्या नमुन्याला हे पुरतं. पानभर पंधरा-वीस चौकटी असतील तर पानरचनेचंच सॉफ्टवेअर घ्यावं. वर्डमध्ये इतक्या चौकटींचा प्रयोग एकदा केला, पुन्हा करणार नाही.

गेल्या महिन्यात प्रमाणपत्रांची नवी छपाई आली. तारखेची रेषा दोन मिलिमीटर खाली सरकली होती. त्या बॉक्सच्या उभ्या मापात १८४ चं १८६ केलं आणि छापायला लावलं.