पुण्याच्या बसमध्ये चार तास: दोन पट्ट्यांचा एन-९५ मास्क

मुद्द्याचं आधी सांगते. एन-९५ मास्क घेणार असाल तर कानात अडकवायच्या दोऱ्यांचा घेऊ नका, डोक्यामागून दोन पट्टे जातात तो घ्या. तीन वर्षं मी हाच वापरतेय. पावसाळ्यात आणि पुन्हा जानेवारी ते मार्च, कारण आपल्याकडे फ्लू याच दोन वेळेला जोर धरतो. ठाणे-वाशी लोकलचा रोज अर्धा तास जायला, अर्धा तास यायला, आणि महिन्यातून एकदा आईकडे पुण्याला बसने. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. माझ्या चेहऱ्याला जो बसला तो तुमच्या चेहऱ्याला बसेलच असं नाही, म्हणून खुणा सांगते.

एवढं मनावर का घेतलंय, तेही सांगते. ऑगस्ट २००९. जूनच्या ११ तारखेला जागतिक आरोग्य संघटनेने स्वाइन फ्लूची महासाथ जाहीर केली होती, पण आम्हाला ती खरी वाटली ३ ऑगस्टनंतर. त्या दिवशी पुण्यात १४ वर्षांची मुलगी गेली, देशातला पहिला मृत्यू. नायडू हॉस्पिटलबाहेरच्या रांगा टीव्हीवर दिवसभर दिसत होत्या. आणि त्याच शनिवारी मी सहा वर्षांच्या मुलाला घेऊन एसी बसने पुण्याला निघाले, कारण बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. मास्क कुठेच मिळेना. ठाणे स्टेशनच्या पुलाखाली एकाकडे साधे निळे मास्क होते, त्याने सांगितलेली किंमत ऐकून मी परत फिरले. दोघांच्या तोंडाला घडी घातलेले हातरुमाल बांधले. सासूबाईंनी कापूर आणि वेलचीची पुरचुंडी करून दिली होती, ती मुलाच्या खिशात. पुढच्या सीटवरचे गृहस्थ लोणावळ्यापर्यंत खोकत होते. मी एका शब्दाने बोलले नाही, जागा बदलून मागितली नाही.

तिसऱ्या दिवशी मुलाला १०३ ताप. बसमध्ये लागला की पुण्यात, हे कधीच कळलं नाही, आणि त्या गृहस्थांना मी दोषही देत नाही. पण ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध तेव्हा कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नव्हतं, सरकारी केंद्रात रांग लावावी लागे. हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर चांगलं लागू पडतं, आणि आमचा त्यातला दीड दिवस चिठ्ठी आणि रांग यातच गेला. मुलगा बरा झाला. ते पाच दिवस मात्र मी विसरलेले नाही.

आता मास्क. ठाण्यातल्या नौपाड्यात एक जुनं सर्जिकल सामानाचं दुकान आहे, तिथे मिळाला. दुकानातले काका म्हणाले, "ताई, बॉक्स आत्ता नका नेऊ. सुटा एक न्या, घरी लावून बघा, बसला तर या." १२० रुपयांना एक. पहिला माझ्या नाकावर बसलाच नाही, दुसऱ्या आकाराचा बसला. पैसे वाया घालवायचे नसतील तर असं दुकान शोधा. ऑनलाइन स्वस्त मिळाला म्हणून माझ्या जावेने ५० चा बॉक्स मागवला, तो तसाच पडून आहे, कारण तिच्या हनुवटीखाली बोट जाईल एवढी फट राहते.

सगळं आहे ते या फटीत. मास्कच्या मधल्या थराच्या धाग्यांवर विजेचा भार असतो, बारीक कण त्याला चिकटतात, म्हणून तो ९५ टक्के कण अडवतो. पण हवा सोपी वाट शोधते. कडेने फट असली की ती कापडातून येतच नाही. कानातल्या दोऱ्यांना मास्क चेहऱ्यावर दाबून धरण्याएवढी ओढ नसते. वरचा पट्टा टाळूच्या मागे, खालचा कानांखालून मानेवर, असे दोन्ही नीट बसले की चारी बाजूंनी सारखा दाब येतो. नाकावरची पट्टी एका हाताच्या चिमटीने दाबायची नाही, मध्ये टोक येतं आणि दोन्ही बाजूंना वाट मोकळी राहते. दोन्ही हातांची बोटं नाकाच्या दांड्यापासून गालांकडे सरकवत दाबायची. मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात फुंकर मारायची. कुठून वारा लागला तर तिथे पुन्हा. चष्मा असेल तर काम सोपं: काच धुरकट झाली की नाकाजवळ गळतंय असं समजा.

आणखी एक खूण. समोर गोल झडप असलेला घेऊ नका. झडपेतून आपला श्वास न गाळता बाहेर जातो, आणि आपल्यालाच फ्लू असेल तर शेजारच्या बाईला पुरेसं संरक्षण नाही. केंद्राच्या आरोग्य खात्याने जुलै २०२० मध्ये याबद्दल राज्यांना पत्रच पाठवलं होतं. भारतीय बनावटीचा असेल तर आयएस ९४७३ हा मानक क्रमांक छापलाय का ते बघा.

त्रास आहेतच. गालावर वळ उठतात, वाशीला उतरल्यावर तासभर दिसतात. अंबाडा घातला की खालचा पट्टा त्यात अडकतो. मी आता वेणी घालते किंवा क्लचर वर घेते. मार्चमध्ये ठाण्याच्या पुलावर गर्दीत अडकलं की मास्क आतून भिजतो, आणि भिजलेला मास्क मी पुढे वापरत नाही. फोनवर बोललेलं समोरच्याला अर्धंच कळतं. यजमानांना दमा आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच लावायला सुरुवात केली, आणि जिने चढताना ते काढतात.

धुवायचा मात्र अजिबात नाही. साबणाने किंवा सॅनिटायझरने तो विजेचा भारच जातो. मी पाच मास्क ठेवलेत, पाच खाकी कागदी पिशव्यांवर वार लिहिलेत, एकाची पाळी पुन्हा येईपर्यंत तो वाळतो. प्लास्टिकच्या पिशवीत ओल राहते. पट्टा सैल पडला की टाकून देते, जीव अडकवत नाही.

बहुतेक लोक एक चूक करतात: गाडीत बसल्यावर मास्क लावतात आणि ठाण्याला प्लॅटफॉर्म नऊ-दहावर, तिकिटाच्या रांगेत मोकळे उभे असतात. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून तो पसरवतो, त्यामुळे "कोणी खोकत नाहीये" याला अर्थ नाही. मी घरातूनच लावून निघते. एक्सप्रेसवेवर बस खायला थांबते तेव्हा सगळे एकदम मास्क काढून एकाच टेबलाभोवती बसतात. मी वडापाव बाहेर उघड्यावर खाते, आधी हात धुऊन.

आणि मास्क आहे म्हणून ताप अंगावर काढून प्रवास करू नका, ही माझी हात जोडून विनंती. गोळी न घेता पूर्ण २४ तास ताप नसेल तरच आम्ही निघतो. तिकिटाचे पैसे दोनदा बुडाले, बुडू दे. आईची फ्लूची लस दरवर्षी फ्लूचा जोर सुरू होण्याच्या निदान दोन आठवडे आधी होते, कारण अंगात ताकद यायला तेवढे दिवस लागतात.

बॉक्समधले दोन उरलेत. गुरुवारी काकांकडे जाऊन नवा आणेन, शिवाय आईसाठी लहान आकाराचे दोन सुटे, तिचा चेहरा आता फार बारीक झालाय. तो सहा वर्षांचा मुलगा आता नोकरीला लागलाय आणि पुण्याला माझ्यासोबत येतो. मागच्या वेळी ठाण्यातल्या वंदना एसटी स्टँडवर बस लागली, मी घाईत चढायला लागले तर मागून खांद्याला हात लावून म्हणाला, "आई, थांब, खालचा पट्टा वर गेलाय."